लातूरची पट्टी आणि टॅलीचा सिरियल नंबर

लातूरच्या मार्केट यार्डात किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यात सोयाबीनचा सौदा झाला, काटा झाला, की आडत्याकडून शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडतो. ती पट्टी. वर नाव-गाव, खाली कट्टे, वजन, भाव, मग हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष हातात पडणारी रक्कम. त्याच मालाचा दुसरा कागद खरेदीदाराच्या नावाने निघतो आणि दोन्हींचा ताळा संध्याकाळी जमावा लागतो. बहुतेक दुकानांत हिशोब टॅलीवर असतो, पण आडतीची ही पट्टी टॅलीत तयार मिळत नाही. ती कोणीतरी वरून बसवून दिलेली असते. गावातलाच एखादा तरुण, बहुधा कॉम्प्युटर क्लासमधून सुरुवात केलेला, महिनाभर दुकानात बसून आडत्याची पद्धत समजून घेतो आणि तेवढा तुकडा लिहितो.

दुकान टॅलीचं नाही, टॅली दुकानाची नाही आणि पट्टीचा तुकडा दोघांचाही नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला थर्ड पार्टी कंपोनंट म्हणतात, म्हणजे तिसऱ्याने केलेला आणि दुसऱ्याच्या प्रोग्रामच्या आत चालणारा भाग. असा भाग लिहिणं एक वेळ सोपं. तो एका दुकानाला विकल्यावर शेजारच्या चार दुकानांत फुकट पोचू नये, याची व्यवस्था करणं अवघड, कारण फाइल असते जेमतेम काही केबींची. आणि ती पोचवणारा बऱ्याचदा चोर वगैरे नसतोच. पाच दुकानांचे हिशोब लिहिणारा ऑपरेटर असतो, किंवा टॅली बसवून देणारा विक्रेता. एका ठिकाणी चांगली पट्टी निघते हे त्याने पाहिलेलं असतं, दुसऱ्या शेठजींनी ‘आपल्याकडेही अशीच पाहिजे’ म्हटलेलं असतं, पेनड्राइव्ह खिशात असतो. कुंपणच शेत खातं, ते असं.

टॅलीचाच जन्म अशा गरजेतून झालेला आहे. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या व्यवसायाचा हिशोब नीट ठेवणारं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ते लिहिलं. १९८६ साली ‘प्युट्रॉनिक्स’ या नावाने कंपनी उभी राहिली, आज ती बंगळुरूची टॅली सोल्युशन्स. भरत गोयंकांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कंपनीने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. टॅलीचे स्क्रीन, अहवाल, मेनू ज्या भाषेत लिहिलेले आहेत, ती टीडीएल, म्हणजे टॅली डेफिनिशन लँग्वेज, बाहेरच्या प्रोग्रामरना खुली केली. त्यामुळे लातूरची पट्टी, नांदेडच्या हळदीच्या आडतीचा काटा-हिशोब, जिनिंगची कापूस खरेदी असे स्थानिक तुकडे जोडता येऊ लागले आणि जिल्ह्याच्या गावांत एक नवा व्यवसाय उभा राहिला.

टॅलीची स्वतःची राखण कशी चालते, ते क्लासला गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं. लायसन्स नसेल तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते. सगळं दिसतं, सगळं शिकता येतं, फक्त नोंद करायला महिन्यातल्या १, २ आणि ३१ या तारखाच मिळतात. क्लासमधल्या सरावाच्या वहीत सगळी खरेदी-विक्री एक तारखेला झालेली असते, ती त्यामुळे. मला हे कुलूप आवडतं. विद्यार्थ्याला ते अडवत नाही, दुकानदाराला मात्र तीन तारखेलाच अडवतं. पैसे भरले की सिरियल नंबर मिळतो, इंटरनेटवरून तो त्या कॉम्प्युटरशी बांधला जातो, मशीन बदलायचं तर आधी लायसन्स सरेंडर करायचं.

पट्टी लिहिणारा याच सिरियल नंबरच्या आधाराने आपलं कुलूप घडवतो. टीडीएलमध्ये लायसन्सइन्फो नावाचं एक फंक्शन आहे. ज्या टॅलीत तुकडा चालतोय तिचा सिरियल नंबर काय, असं त्याला विचारता येतं. तो नंबर आपल्या गिऱ्हाइकाचा असेल तर मेनूत ‘आडत पट्टी’ दिसते, नसेल तर दिसत नाही. पण हे तपासणं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून दिलं तर नोटपॅडमध्ये उघडून नंबर बदलायला कितीसा वेळ लागतो? म्हणून फाइल कंपाइल करून टीसीपी या रूपात द्यायची. ती टॅलीला वाचता येते, माणसाला नाही. टॅली डेव्हलपर या साधनात कंपाइल करतानाच ‘अमुक सिरियलपुरती’ असं तिला बांधताही येतं.

इथे काही प्रोग्रामर एक हौशी चूक करतात. तपासणी एकाच जागी, मेनूच्या दारात ठेवतात. त्यापेक्षा ती तीन-चार ठिकाणी विखुरलेली बरी: मेनूत, पट्टीची बेरीज होताना, छपाईला जाताना. दुसरी चूक मुदतीची. वर्षभराने पट्टी बंद पडावी म्हणून कॉम्प्युटरची तारीख बघायची, तर ऑपरेटर तारीख मागे नेतो. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय घरातच असतो, तो म्हणजे शेवटच्या व्हाउचरची तारीख बघायची. घड्याळ खोटं सांगेल, खतावणी सहसा सांगत नाही.

आणि तिसरी गोष्ट मी चूक नव्हे, अन्याय म्हणेन. मुदत संपली की जुन्या पट्ट्यासुद्धा उघडू न देणं. ऐन दिवाळीच्या तोंडावर यार्डात सोयाबीनची आवक फुटलेली असताना आडत्याचा मागचा हिशोब अडकवून वसुली करायची, तर तो पैसे देईल, पण पुढच्या हंगामात दुसरा माणूस शोधेल. नवी पट्टी थांबवावी, जुनी छापू द्यावी. शेतकऱ्याचा कागद कुणाच्या लायसन्सपायी अडता कामा नये.

टॅलीचे तुकडे लिहिणाऱ्यांच्या आधीच्या पिढीचं जग वेगळं होतं. १९९८ मध्ये व्हिज्युअल बेसिक ६ आलं आणि पुढची कित्येक वर्षं मराठवाड्यातल्या शाळांची फी, पतसंस्थांची खाती, दवाखान्यांची बिलं त्यावर चालली. मागे अ‍ॅक्सेसचा डेटाबेस, पुढे छपाईसाठी क्रिस्टल रिपोर्ट्स. कॅलेंडर, तक्ता, आलेख, बारकोड असले भाग कोणी स्वतः लिहीत नसे. ते ओसीएक्स नावाच्या तयार फाइलींत मिळत, आणि तेही तिसऱ्याचेच. ते विकणाऱ्यांसमोर एक चमत्कारिक पेच होता. नांदेडच्या प्रोग्रामरने त्यांचा तक्ता विकत घेऊन पतसंस्थेचं सॉफ्टवेअर केलं, तर ती फाइल पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवर जाणारच. तिच्याशिवाय प्रोग्राम चालणार नाही. मग उद्या पतसंस्थेतल्या कुणी तीच फाइल उचलून स्वतःचं सॉफ्टवेअर करायला घेतलं तर?

मायक्रोसॉफ्टने त्यासाठी चालवण्याची परवानगी आणि घडवण्याची परवानगी वेगळी केली. घडवण्याची चावी विकत घेणाऱ्या प्रोग्रामरच्या मशीनवर, विंडोजच्या रजिस्ट्रीत किंवा छोट्या लायसन्स फाइलमध्ये, नोंदली जाई. त्याने प्रोग्राम कंपाइल केला की व्हिज्युअल बेसिक त्या भागाकडून चालवण्याची चावी मागून घेई आणि तयार प्रोग्रामच्या पोटात ठेवी. गिऱ्हाइकाकडे प्रोग्राम सुरू झाला की तो ही चावी दाखवी, तक्ता उघडे. चावी न दाखवणाऱ्या नव्या प्रोग्रामला तो नकार देई. फाइल तीच, मशीन तेच, पण घडवायला गेलात तर दार बंद. कल्पना फार सुबक होती. पण चावी प्रोग्रामच्या पोटात असते, आणि पोट फाडणारे असतातच. रजिस्ट्रीतली नोंद कॉपी करणं तर त्याहून सोपं.

पुढे २००२ मध्ये डॉट नेट आलं, ओसीएक्सची जागा डीएलएलने घेतली, लायसन्सची तीच पद्धत नव्या रूपात आली. जोडीला एक नवी अडचणही आली. डॉट नेटची कंपाइल झालेली फाइल परत वाचता येईल अशा स्वरूपात उलगडते. वर्गांची, फंक्शनची नावंसुद्धा शाबूत मिळतात. म्हणून नावांचा चुराडा करणारी, तर्क गुंतागुंतीचा करून टाकणारी ऑब्फस्केटर नावाची साधनं आली. ‘मला हाक मारणारा प्रोग्राम माझ्याच कंपनीच्या सहीचा आहे ना’ असं डीएलएलने विचारायची सोयही सुरुवातीला होती, पण डॉट नेट २.० पासून पूर्ण विश्वासाने चालणाऱ्या प्रोग्रामपुढे ती तपासणी निष्प्रभ झाली. कारण उघड आहे. ज्या मशीनचा मालकच तपासणीच्या विरोधात आहे, त्या मशीनवर तपासणी करणारा कधी ना कधी हरतो. संगीताच्या सीडीपासून आजच्या गेमपर्यंत प्रत्येक कुलुपाची हीच कथा आहे. कुलूप बांधायचं ते तोडायला लागणारी मेहनत विकत घेण्यापेक्षा महाग पडावी, इतपतच.

छपाईच्या जगात हा प्रश्न याहून आधी आला होता, आणि तिथे कंपोनंट होता आपला देवनागरी फॉन्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी ज्याने वापरलं नाही असा मराठी डीटीपीवाला शोधावा लागेल. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शाळांच्या स्मरणिका, दैनिकांची पानं, सगळं पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये आणि अक्षर श्रीलिपीचं. म्हणजे पुन्हा तेच: दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये तिसऱ्याचा माल. फॉन्टची फाइल कॉपी करणं तर सगळ्यांत सोपं, म्हणून अशा पॅकेजांबरोबर हार्डवेअर लॉक येई, ज्याला सगळे डोंगल म्हणत. आधी तो प्रिंटरच्या पॅरलल पोर्टात खोचायचा आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीत, नंतर यूएसबीत. सॉफ्टवेअर मधूनमधून त्याला प्रश्न विचारी, अपेक्षित उत्तर आलं नाही तर काम थांबे. सुरुवातीचे डोंगल नुसता एक ठरलेला आकडा परत देत, तो ऐकून त्याची नक्कल करणारे प्रोग्राम निघाले. मग गणित डोंगलच्या आतल्या चिपमध्येच होऊ लागलं, म्हणजे ऐकून काही हाती लागू नये.

डोंगलचा त्रास मात्र प्रामाणिक गिऱ्हाइकालाच जास्त. पानं रात्री अकराला सोडायची आणि नेमका लॉक दिसेनासा झाला, तर पैसे भरलेला माणूस हात चोळत बसणार आणि ज्याच्याकडे फोडलेली प्रत आहे तो निवांत काम करणार. ही उलटी न्यायव्यवस्था कुठल्याही कुलुपात डोकावते, पण डोंगलमध्ये ती रोज दिसे.

दुसरं नुकसान उशिरा कळलं. त्या काळी प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी निराळी. श्रीलिपीत टाइप केलेला ‘क’ ‘आकृती’ या दुसऱ्या पॅकेजच्या फॉन्टमध्ये भलतंच चिन्ह होऊन दिसे. मजकुराची किल्ली फॉन्टमध्ये आणि फॉन्टची किल्ली डोंगलमध्ये. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे समान प्रमाण १९९१ मध्ये होतं, युनिकोडही त्याच सुमारास आलं, पण दुकानं आणि कचेऱ्या आपापल्या मांडणीतच राहिल्या. परिणामी त्या काळातल्या कित्येक पुस्तकांच्या, अंकांच्या फाइली आज उघडल्या तर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. फॉन्टचं रक्षण झालं, मजकूर अडकला. कंपोनंट राखताना वापरणाऱ्याचा स्वतःचा डेटा त्याच्याच हातात राहतो की नाही, हे पाहिलं पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणतो ते या फाइली पाहूनच.

फॉन्टमध्ये आणखी एक गंमत आहे. प्रत्येक ओपनटाइप फॉन्टच्या आत एक छोटी नोंद असते: हा फॉन्ट पीडीएफमध्ये गुंफता येईल का, गुंफला तर फक्त पाहण्या-छापण्यापुरता का संपादनासाठीही, की अजिबातच नाही. ही नोंद म्हणजे कुलूप नव्हे, निव्वळ सूचना. चांगले प्रोग्राम ती पाळतात, बाकीचे दुर्लक्ष करतात. उलट उदाहरणही पुण्याचंच. अ‍ॅपलच्या मॅकमध्ये ‘श्री देवनागरी ७१४’ हा फॉन्ट आधीपासून असतो, तो मॉड्युलर इन्फोटेकचा. मॅक घेणाऱ्याला तो वापरायचे वेगळे पैसे पडत नाहीत, कारण व्यवहार दोन कंपन्यांत झालेला आहे. पण तीच फाइल उचलून विंडोजच्या मशीनवर टाकली तर त्या व्यवहाराचं छत्र तिथे लागू होत नाही. इथे राखण कुलुपाने नव्हे, कराराने केलेली आहे.

करार म्हटला की आमच्याकडचे प्रोग्रामर हात झटकतात. ‘सगळं तोंडी चालतं हो.’ चालतं, पण कुणाच्या बाजूने? भारतात प्रोग्राम हा कॉपीराइट कायद्याच्या, १९५७ च्या अधिनियमाच्या, दृष्टीने साहित्यकृती आहे, आणि हक्क लिहिताक्षणी निर्माण होतो. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोगी, पण अट नाही. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलं तर पहिला मालक कंपनी. पण लातूरचा मोकळा प्रोग्रामर आडत्यासाठी पट्टी लिहितो, तेव्हा वेगळं काही लिहून ठरलं नसेल तर मालकी प्रोग्रामरचीच राहते. आडत्याने पैसे मोजले म्हणजे तो वापरण्याचा हक्कदार झाला, मालक नव्हे. ‘मी पैसे दिलेत, मी कुणालाही देईन’ हा यार्डातला सगळ्यांत लोकप्रिय युक्तिवाद कायद्यात टिकत नाही. मालकी द्यायचीच असेल तर ती लेखी हवी, सही हवी. आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती.

शिक्षेचंही सांगतो, कारण ते फारसं कुणाला माहीत नसतं. चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर कलम ६३ब खाली ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. म्हणजे केवळ कॉपी करून देणारा ऑपरेटर नाही, जाणूनबुजून चालवणारा दुकानदारही त्यात येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ तर कुलूप फोडण्यालाच लागू होतं: हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण चुकवलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दुसरीकडे कलम ५२ ने प्रामाणिक वापरणाऱ्याला राखीव प्रत ठेवायला, आणि दुसरा प्रोग्राम जोडण्यासाठी लागणारी, एरवी न मिळणारी माहिती काढून घ्यायला मोकळीक दिलेली आहे.

या बाबतीतला एक गाजलेला खटला आमच्या शेजारी, हैदराबादेत झाला. रिलायन्स इन्फोकॉमने स्वस्तात दिलेले, आपल्याच नेटवर्कला बांधलेले मोबाइल हँडसेट टाटा इंडिकॉमच्या काही कर्मचाऱ्यांनी आतली संकेतरचना बदलून आपल्या नेटवर्कवर चालवले, असा आरोप होता. २००५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६५ आणि कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ या आरोपांतून प्राथमिक टप्प्यावर सुटका द्यायला नकार दिला. हँडसेट ग्राहकाचा असला तरी त्याच्या आतला प्रोग्राम कायद्याने राखलेला असू शकतो, हे त्यातून ठसलं.

या सगळ्यात पट्टीवाला प्रोग्रामर फिर्यादीच्याच खुर्चीत बसतो असं समजू नका. त्याच्या स्वतःच्या सामानातही दुसऱ्यांचे तुकडे असतात. पीडीएफ तयार करणारं घोस्टस्क्रिप्ट घ्या. अमेरिकेतली आर्टिफेक्स कंपनी ते दोन दारांनी देते: आपलाही सोर्स कोड खुला करणार असाल तर मोफत, नाहीतर पैसे भरून व्यापारी लायसन्स. दक्षिण कोरियाच्या हॅनकॉमने आपल्या वर्ड प्रोसेसरमध्ये ते वापरलं आणि दोन्ही दारं चुकवली, असं म्हणत आर्टिफेक्स २०१६ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेली. मोफत लायसन्सच्या अटी म्हणजे करार नव्हेच, हा बचाव २०१७ मध्ये न्यायालयाने सुरुवातीलाच मान्य केला नाही, आणि पुढे तडजोड झाली. ‘इंटरनेटवर फुकट होतं’ एवढ्या भांडवलावर आपल्या प्रोग्राममध्ये काही घालणाऱ्यांनी हा खटला मुद्दाम वाचावा.

आता नवे कंपोनंट बरेचदा गिऱ्हाइकाच्या मशीनवर राहतच नाहीत. नकाशा, एसएमएस, पैसे भरण्याची खिडकी हे सगळं दूरच्या सर्व्हरवर असतं आणि अ‍ॅपमध्ये असते फक्त एक चावी. गूगल मॅप्सची चावी अ‍ॅपच्या नावाशी आणि त्याच्या डिजिटल सहीशी बांधता येते, वेबसाइटची असेल तर पत्त्याशी. न बांधता तशीच कोडमध्ये ठेवली आणि कुणी उचलली, तर वापर त्याचा आणि बिल तुमचं. २०१८ पासून बिलिंग खातं जोडणं सक्तीचं झाल्यावर ही शक्यता कागदावर राहिलेली नाही.

यार्डातल्या पट्टीला मात्र सर्व्हरची चैन परवडत नाही. हंगामात नेट गेलं म्हणून काटा थांबत नाही. तिथे खरी राखण होते ती नव्या आवृत्तीने. टॅलीची नवी आवृत्ती येते, मेनूची मांडणी बदलते, १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तसा एखादा बदल येतो, आणि जुनी पट्टी अडखळते. ज्याने ती विकत घेतलीय तो फोन करतो, वार्षिक देखभालीचे पैसे भरतो, दोन तासांत दुरुस्त होते. ज्याने पेनड्राइव्हवरून आणलीय त्याला फोन करायला नंबरच नसतो. म्हणून अनुभवी मंडळी मूळ किंमत कमी आणि देखभाल नेमाने, असा हिशोब ठेवतात, आणि मला तो सगळ्यांत शहाणा वाटतो.

ही मंडळी गिऱ्हाइकाशी जो एक-दीड पानी करार करतात त्यात एक कलम असायलाच हवं, कारण नेमकं तिथेच भांडण होतं: दुकानाच्या वाटणीचं. दोघा भावांची वाटणी झाली की टॅलीचा सिरियल एकाकडे जातो, दुसरा नवी टॅली घेतो आणि पट्टी मागायला येतो. ‘आम्ही दोघांनी मिळून पैसे दिले होते’ हे त्याचं खरंच असतं. पट्टी फर्मच्या नावाने दिली की सिरियलला, वाटणीनंतर दुसऱ्या सिरियलला ती अर्ध्या दराने मिळणार की पूर्ण, आणि जुन्या वर्षांच्या पट्ट्या दोघांनाही उघडता येणार की नाही, हे तीन ओळींत लिहून दोघांच्या सह्या आधीच घेतलेल्या बऱ्या.